लेक डिस्ट्रिक्टमधील मोटारमुक्त सायकलवाटा

लेक डिस्ट्रिक्ट : इंग्लंडच्या वायव्येस कंब्रिया परगण्यातील सरोवरांचा आणि डोंगरांचा प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे २,३६२ चौ. किमी. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित. २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर (स्कॅफेल पाइक, ९७८ मी.), सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर (विंडरमिअर, लांबी सुमारे १७ किमी) आणि सर्वांत खोल सरोवर (वॉस्टवॉटर) ही तिन्ही याच प्रदेशात आहेत. उद्यानाच्या हद्दीत सुमारे चाळीस हजार माणसे राहतात, तर वर्षाकाठी येणारे पर्यटक दीड कोटींहून अधिक, आणि त्यांतले बहुतेक मोटारीने येतात. इथले रस्ते दगडी कुंपणांमधून वळणे घेत जाणारे, घोडागाडीच्या काळातल्या रुंदीचे. उन्हाळ्यात त्यांवर जी कोंडी होते तिच्यात सायकलवाल्याने, त्यातही मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने, शिरूच नये. म्हणून मोटारींना मज्जाव असलेल्या वाटांचे मोल इथे फार आहे.

अशी एकच सलग वाट मात्र नाही. सगळ्या सरोवरांना फेरा घालणारा मोटारमुक्त मार्ग शोधायला गेल्यास हाती तुकडेच लागतात, आणि ते कमी वर्दळीच्या गावरस्त्यांनी एकमेकांना जोडून घ्यावे लागतात. हे तुकडे आले कुठून हे पाहण्यासारखे आहे. प्रदेशाची ख्याती निसर्गकवींचा मुलूख अशी. पण आज जिथे सर्वांत निवांत सायकल चालवता येते, तिथे पूर्वी मालगाड्या धावत होत्या, लोखंडाच्या खाणी होत्या किंवा लाकूडतोड चालत होती.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे केझिक ते थ्रेलकेल्ड ही पाच किमीची वाट. कॉकरमथ–केझिक–पेनरिथ या लोहमार्गाला पार्लमेंटने १८६१ मध्ये मंजुरी दिली आणि १८६५ पासून त्यावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. तो आखणारा अभियंता टॉमस बाउच. त्यानेच पुढे बांधलेला स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल १८७९ मध्ये धावत्या गाडीसह कोसळला. या मार्गाचा मूळ हेतू पर्यटन नव्हता. पूर्वेकडच्या डरॅमचा कोक पश्चिम किनाऱ्यावरच्या लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत पोचवायचा होता.

वाटेत ग्रेटा नदीच्या काठी लो ब्रायरी इथे बॉबिन तयार करण्याचा कारखाना होता. आसपासच्या जंगलातल्या कोवळ्या फांद्यांपासून बनलेली ही लाकडी रिळे लँकेशरच्या कापडगिरण्यांत जात. त्या गिरण्यांचा मुंबईशी असलेला संबंध मराठी वाचकाला सांगायला नको. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिथला कापूस बंद झाला, लँकेशरमध्ये उपासमार सुरू झाली आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. केझिकचे रूळ पडत होते ती नेमकी हीच वर्षे.

शंभर वर्षांनी मोटारींनी या रेल्वेचा घास घेतला. पश्चिमेकडचा भाग १९६६ मध्ये बंद झाला, केझिक–पेनरिथ हा उरलेला भाग मार्च १९७२ मध्ये. रूळ उखडले गेले, पण भराव आणि नदीवरचे पूल राहिले. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने त्यावरून पायी आणि सायकलने जाण्याची वाट केली. ती अल्पावधीत लोकांची आवडती झाली.

मग ५ डिसेंबर २०१५ उजाडला. ‘डेझमंड’ वादळात जवळच्या हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिमी पाऊस कोसळला; ब्रिटनमधला तो उच्चांक ठरला. २६ जुलै २००५ चे ९४४ मिमी अनुभवलेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथले डोंगर उघडे आणि दऱ्या चिंचोळ्या, त्यामुळे पडलेले सगळे पाणी काही तासांत ग्रेटाच्या पात्रात उतरले. जुने दोन रेल्वेपूल वाहून गेले आणि वाटेचे लचके तुटले. ती पुन्हा पूर्णपणे खुली व्हायला पाच वर्षे लागली; डिसेंबर २०२० मध्ये ती सुरू झाली. याच कामात ए-६६ हा महामार्ग बांधताना मातीखाली गाडला गेलेला बॉबिन मिलजवळचा जुना बोगदा उकरून मोकळा करण्यात आला. पूर्वी महामार्गालगत वळसा घ्यावा लागे, आता त्याखालून थेट जाता येते.

नव्या वाटेवर खडीऐवजी डांबर टाकले, यावरून गावात बराच वाद झाला. डांबराने जंगलातल्या वाटेचे रूप हरपते, असे विरोधकांचे म्हणणे होते. ते अगदीच चुकीचे नाही. तरीही चाकाच्या खुर्चीतला माणूस, बाबागाडी ढकलणारी आई, सत्तरीतले आजोबा आणि नुकती सायकल शिकलेली पोर ही सगळी आज या वाटेवर दिसतात, आणि ती खडीवरून जाऊ शकली नसती. प्राधिकरणाचा निर्णय योग्यच होता.

केझिककडून निघाल्यास चढ इतका सौम्य आहे की तो पायांना क्वचितच जाणवतो. जुने स्टेशन, फलाटासह, अजून उभे आहे. वाट तिथूनच सुरू होते. नदी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे येत राहते. गावापासून थोड्या अंतरावर कॅसलरिग हे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे शिळावर्तुळ आहे. मात्र तिथे पोचायला ही वाट सोडून चढ चढावा लागतो.

पाच किमीचा हा तुकडा एका मोठ्या मार्गाचा भाग आहे. ‘सी टू सी’ या नावाने ओळखला जाणारा, आयरिश समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंतचा सुमारे २२५ किमीचा सायकलमार्ग सस्ट्रान्स या संस्थेने १९९४ मध्ये आखला. पश्चिमेला तो व्हाइटहेवन बंदरातून निघतो. हे गाव कोळशावर मोठे झाले. इथल्या खाणी समुद्राच्या तळाखालून गेलेल्या होत्या. सायकलचे मागचे चाक इथल्या पाण्यात बुडवायचे आणि पुढचे चाक पूर्वेच्या समुद्रात, अशी सायकलस्वारांत प्रथाच पडली आहे. व्हाइटहेवनपासून क्लीटर मूरवरून रोरापर्यंतची वाट खनिज वाहणाऱ्या जुन्या लोहमार्गावरून जाते. क्लीटर मूरला लोखंडाच्या खाणींसाठी आयर्लंडमधून इतके मजूर आले की गावाला ‘लिटल आयर्लंड’ म्हणू लागले. पर्यटक ही गावे सहसा टाळतात. सायकलवाल्याने टाळू नयेत, कारण सरोवरांच्या चित्रमय प्रदेशाला लागून किती कष्टांचे जग होते ते इथे कळते. रोराच्या पुढे केझिकपर्यंत मात्र बराचसा गावरस्ता आणि व्हिनलॅटरचा घाट आहे. तो भाग पूर्णपणे मोटारमुक्त नाही.

रोरापासून थोडी वाकडी वाट केली की एनरडेल लागते, आणि या नोंदीतले सर्वांत देखणे ठिकाण तेच. इथल्या मोठ्या सरोवरांपैकी काठाने मोटाररस्ता नसलेले एनरडेल वॉटर हे एकटेच. सार्वजनिक रस्ता बोनेस नॉटच्या वाहनतळापाशी संपतो आणि पुढे दरीच्या टोकापर्यंत वनखात्याचा खडीचा रस्ता जातो. त्यावर पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. रस्त्याच्या शेवटी ब्लॅक सेल हे एकेकाळी मेंढपाळांचे खोपट असलेले युवा वसतिगृह आहे. चारही बाजूंनी डोंगर, मधून लायझा नदी, आणि एंजिनाचा आवाज नाही.

हे आपोआप झालेले नाही. १९२० च्या दशकात वनखात्याने या दरीत परदेशी सूचिपर्णी झाडे ओळीने लावायला घेतली तेव्हा लोक खवळले. त्यातून १९३६ मध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या मध्यभागी अशी लागवड न करण्याचा करार झाला. २००३ पासून ‘वाइल्ड एनरडेल’ या उपक्रमाखाली दरी हळूहळू निसर्गाच्या स्वाधीन केली जात आहे : सूचिपर्णी झाडे विरळ केली जातात, काळी गॅलोवे गुरे मोकळी चरतात, नदीला हवे तसे पात्र बदलू दिले जाते.

दक्षिणेत विंडरमिअरचा पश्चिम काठ. पूर्व काठावर हॉटेले आणि गर्दी. समोर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचे ओकचे जंगल आणि त्यातून रे कॅसलपर्यंत सुमारे सहा किमीची पाण्यालगतची वाट. पूर्व काठावरच्या बोनेस गावाहून फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे जाता येते. उन्हाळी हंगामात ब्रॉकहोलहूनही सायकली नेणारी बोट असते. सुरुवातीच्या भागात वाहनतळाकडे जाणाऱ्या तुरळक मोटारी भेटतात, पुढे त्याही नाहीत. जवळच क्लेफ इथे अठराव्या शतकाच्या अखेरीचे एक निरीक्षणगृह आहे. त्याच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या, म्हणजे एकाच सरोवराकडे वेगवेगळ्या ऋतूंच्या रंगांत पाहता येई. रे कॅसल ही लिव्हरपूलच्या एका शल्यवैद्याने १८४० च्या दशकात बांधलेली किल्ल्याच्या थाटाची हवेली. बालवाङ्मयाची लेखिका बीट्रिक्स पॉटर १८८२ मध्ये सोळाव्या वर्षी इथे सुट्टीला आली आणि या प्रदेशाच्या प्रेमात पडली. १९४३ मध्ये ती वारली तेव्हा तिने सुमारे चार हजार एकर जमीन नॅशनल ट्रस्टच्या नावे ठेवली. तिथून पश्चिमेला ग्राइझडेलच्या जंगलात वनरस्त्यांचे जाळे आहे. १९७७ पासून तिथे उभारलेली शिल्पे झाडांमध्ये अचानक समोर येतात. चढ मात्र दमवणारे आहेत.

लँगडेलमध्ये स्केलविथ ब्रिज ते एल्टरवॉटर ही छोटी नदीकाठची वाट नवशिक्यांना उत्तम. एल्टरवॉटरला एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या दारूचा कारखाना चालत असे.

वाहनांपासून हा प्रदेश वाचवण्याची धडपड जुनी आहे. कवी विल्यम वर्डस्वर्थने १८४४ मध्ये विंडरमिअरच्या नियोजित रेल्वेविरुद्ध सुनीत लिहिले, वृत्तपत्राला पत्रे पाठवली. तरी १८४७ मध्ये गाडी आलीच. केझिकजवळच्या क्रॉस्थवेटचे पाद्री हार्डविक रॉन्स्ली यांनी १८८३ मध्ये बटरमिअरच्या स्लेटच्या खाणींसाठी आखलेली रेल्वे मात्र हाणून पाडली आणि १८९५ मध्ये ते नॅशनल ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी एक झाले. दोघांनीही आगगाडीला विरोध केला, पण तशाच दुसऱ्या लोहमार्गांच्या भरावांवरून आज माणसे मोटारीविना सरोवरांपर्यंत जातात. आणि वर्डस्वर्थला नको असलेली विंडरमिअरची गाडी सायकल घेऊन येणाऱ्यांचा मोठा आधार आहे.

इंग्लंडमध्ये सायकलवाल्याचा हक्क कोणत्या वाटेवर आहे हे नकाशात पाहूनच निघावे. १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने घोडेवाटांवर सायकल चालवण्याची मुभा दिली, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी लागते. निव्वळ पायवाटांवर तो हक्क नाही. हर्डविक जातीच्या मेंढ्या सर्वत्र मोकळ्या फिरतात, त्यामुळे वाटेतली फाटके पुन्हा लावून घ्यावीत. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत सोयीचे. रेनकोट तेव्हाही जवळ हवा. विंडरमिअर, पेनरिथ आणि व्हाइटहेवन या तिन्ही ठिकाणी रेल्वे जाते, मात्र लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते.