वही एक, कारकून अनेक

कोपरी म्हणजे ठाणे स्थानकाची पूर्व बाजू. येथील वडीलधाऱ्या मंडळींना रेल्वे-आरक्षणाचे जुने दिवस आठवत असतील. तेव्हा नुसती रांग लावून भागत नसे. आपल्या गाडीची खिडकी कोणती, हे आधी शोधावे लागे. याचे कारण साधे होते. आरक्षणाची नोंद वहीत होई आणि वही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असू शकते. प्रवाशांची त्यात गैरसोय होती. पण एक वही आणि एक लेखणी असल्यामुळे एकच बर्थ दोघांना विकला जाण्याचा धोका कमी होता.

दिल्लीत १९८५-८६ मध्ये आणि मुंबईत १९८७ मध्ये आरक्षण संगणकावर गेले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. वही आता चुंबकीय तबकडीवर, म्हणजे डिस्कवर गेली होती. परंतु एका वहीत एकाच वेळी अनेक हात लिहू लागले, तर पूर्वी वहीने आपोआप पाळलेली शिस्त आता कोणी पाळायची? मोठ्या डिस्कसंचाला सर्व्हर जोडताना ज्या जुळण्या, म्हणजे सेटिंग्ज, कराव्या लागतात, त्यांचा इतिहास हा या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक हा संगणक आणला. त्याच्या डिस्कसंचात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. हा संच कपाटाएवढा होता. पण संगणक एक आणि डिस्क त्याच्या एकट्याची. मालकीचा तंटा नव्हता.

पुढे डिस्क लहान झाल्या आणि एका केबलवर अनेक उपकरणे जोडण्याची सोय हवी झाली. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीवरून तयार झालेले ‘स्कझी’ हे मानक १९८६ मध्ये मान्य झाले. यात केबलवर आठ उपकरणे बसत आणि प्रत्येकाला ० ते ७ पैकी एक क्रमांक असे. हा क्रमांक जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या बसवून ठरवावा लागे. दोन डिस्कना चुकून एकच क्रमांक दिला, की एका हाकेला दोघे ‘ओ’ देत आणि गोंधळ होई. एकाच वेळी दोघांना बोलायचे असेल, तर मोठ्या क्रमांकाला आधी संधी मिळे. म्हणून संगणकाच्या बाजूच्या कार्डाला बहुधा ७ हा क्रमांक देत.

केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचे रोध बसवावे लागत. त्यामागे शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसऱ्या टोकाला झटका दिला, तर लाट भिंतीपर्यंत जाऊन परत फिरते. तसाच विद्युत-संकेतही केबलच्या मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. योग्य रोध तो शोषून घेतो.

क्रमांक आणि रोध यांमुळे बोलणे स्पष्ट झाले, पण मालकीचा प्रश्न उरलाच. त्याचे महत्त्वाचे उत्तर डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या ‘व्हॅक्सक्लस्टर’ रचनेत मिळाले. भारतीय रेल्वेच्या आरक्षणासाठी याच कंपनीचे व्हॅक्स संगणक वापरले गेले. १९८३ साली जाहीर झालेल्या या रचनेत अनेक व्हॅक्स मिळून एकच डिस्कसंच वापरू शकत. लिहिण्यापूर्वी त्या जागेचे ‘कुलूप’ मागायचे, लिहून झाले की सोडायचे, असा नियम होता.

पण समजा, दोन संगणकांमधला दुवाच तुटला. प्रत्येकाला वाटणार, की दुसरा बंद पडला. दोघेही निर्धास्तपणे त्याच वहीत लिहू लागतील आणि थोड्याच वेळात तिच्यातली एकही नोंद विश्वासाची राहणार नाही. यावरचा उपाय आपल्या सभांमधलाच होता: गणपूर्ती. प्रत्येक संगणकाला मत द्यायचे आणि निम्म्याहून अधिक मते असलेल्या गटानेच काम चालू ठेवायचे. दोनच संगणक असतील, तर तिसरे मत एखाद्या डिस्कला देत. एकूण मते किती, हा आकडा मात्र व्यवस्थापकाने भरायचा असे. दोन मतांच्या ठिकाणी चुकून एक भरले, की एकेकट्या संगणकाची गणपूर्ती होई आणि सारा बंदोबस्त व्यर्थ जाई. चूक एका आकड्याची. पण दुवा तुटेपर्यंत ती कोणाच्या लक्षातही येत नसे.

१९९४ मध्ये ‘फायबर चॅनेल’ हे मानक आले आणि डिस्कचे कपाट सर्व्हरपासून दहा किलोमीटर दूर ठेवणे शक्य झाले. कोपरीतला सर्व्हर खाडीपलीकडच्या ऐरोलीतील डिस्कवर लिहू शकेल, एवढे हे अंतर आहे. त्यामुळे काम मंदावेल का? काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा दहा-हजारावा भाग लागेल. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला अर्धी फेरी घ्यायला याच्या चाळीसपटीहून अधिक वेळ लागतो. म्हणजे खाडीची अडचण नगण्यच.

अडचण दुसरीच होती. एका जाळ्यात शेकडो सर्व्हर आले, तेव्हा ० ते ७ हे क्रमांक कसे पुरणार? म्हणून प्रत्येक जोडणीला ६४ बिटांचे, जगात दुसऱ्या कोणाचे नसलेले नाव मिळाले. शिवाय दिसेल ती डिस्क आपलीच समजून तिच्यावर खूण लिहिणारे सर्व्हरही होते. म्हणून कोणी कोणाशी बोलावे याची यादी जाळ्यातील स्विचमध्ये आणि कोणाला कोणती डिस्क दिसावी याची यादी कपाटात ठेवावी लागते. गंमत अशी, की डिस्क एका सर्व्हरसाठी राखून ठेवण्याच्या आज्ञेलाही स्कझीच्या परिभाषेत ‘आरक्षण’च म्हणतात.

२००४ साली ‘आयस्कझी’चे मानक प्रसिद्ध झाले आणि याच आज्ञा नेहमीच्या संगणक-जाळ्यावरून जाऊ लागल्या. तेथे निरोप वाटेत हरवू शकतो. मग उत्तराची वाट किती पाहायची? लिनक्सवरील प्रचलित आयस्कझी प्रणालीत, तुटलेली जोडणी पुन्हा जुळण्याची मुदत मुळात १२० सेकंद असते. दुसरी वाट उपलब्ध असताना एवढे थांबणे म्हणजे खिडकीवरची रांग दोन मिनिटे ताटकळत ठेवणे. म्हणून तेथे ही मुदत कमी करतात. फार कमी केली, तर किंचित उशीर होताच चांगली वाटही सोडून दिली जाते. यंत्राने किती धीर धरावा, हे माणसालाच ठरवावे लागते.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एका वहीत वीस जागा आखा. दोन विद्यार्थ्यांना ‘कारकून’ करा, एकमेकांना दिसणार नाहीत असे बसवा आणि वही त्यांच्यामध्ये फिरती ठेवा. जागेची मागणी चिठ्ठीने यावी, उत्तरही चिठ्ठीनेच जावे. मग मधूनच एखादी चिठ्ठी लपवा आणि काय होते ते पाहा. क्रमांक, कुलूप, गणपूर्ती, मुदत हे सारे नियम विद्यार्थी एकेक करून स्वतःच सुचवतील, असा आमचा अंदाज आहे. त्यानंतर सर्व्हरच्या जुळण्यांचा तक्ता त्यांना दाखवावा. त्यातल्या रुक्ष रकान्यांमागे कधीतरी घडलेला, किंवा घडू नये म्हणून आधीच ओळखलेला, असाच एखादा घोटाळा आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.