चिघळ आणि दुधी

१९७२ साली माण-आटपाडीकडं खरीप गेलं, रब्बीही गेली. आई-आबा खडी फोडायला जायचे. घरी अमेरिकेच्या मिलोची लाल भाकरी, पण कोरड्यास नाही. विहिरीच्या थारोळ्यापाशी जरा ओल होती, तिथं आजी मला चिघळ खुडायला न्यायची. एकदा मी भराभर सदऱ्याचा ओचा भरला. आजीनं त्यातली एक काडी मोडली. पांढरा चीक आला.

“आरं, ही दुधी हाय! पोट जाळंल.”

ओचा तिथंच उपडा केला. चिघळीची काडी गुबगुबीत, मोडली की नुसतं पाणी. पण पाथरीलाही चीक असतो अन् ती तर आम्ही कच्ची खायचो! मी तसं म्हणालोही.

“नुसता चीक बगून भाजी वळखत न्हाईत. समदं झाड बगायचं.”

त्या रात्री मीठ-भाकरी खाल्ली.