तिऱ्हाईताची वकिली

इंग्लंडचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा १८१२ साली पार्लमेंटच्या दालनात खून झाला, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असते. परंतु त्यांचा पुत्र जॉन याने ज्या कार्यास आयुष्य वाहिले, त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानी नाही. लष्करी नोकरी सोडलेला हा तरुण धर्मचिंतनाच्या आवेगात भ्रमिष्ट झाला, तेव्हा १८३१ च्या आरंभी घरच्यांनीच त्यास ब्रिस्टलनजीकच्या ब्रिस्लिंग्टन हाउस या वेड्यांच्या खासगी इस्पितळात ठेवले. तेथे त्यास बिछान्याला जखडले गेले, थंडगार पाण्याची स्नाने घातली गेली. तथापि १८३८ आणि १८४० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मवृत्तात मला सर्वांत जळजळीत वाटते ती तक्रार या यातनांची नव्हे, तर आपल्या देहाविषयी जे जे ठरले ते आपणांस न विचारता, न सांगता ठरले, याची आहे.

सुटकेनंतर, १८४५ साली, त्याने समदुःखी सहकाऱ्यांसह ‘वेडे ठरविलेल्यांचे मित्रमंडळ’ स्थापिले. इस्पितळांत जाऊन रुग्णांची कैफियत ऐकावी, त्यांच्या वतीने सरकारदरबारी अर्ज गुदरावेत, कायद्याची मदत मिळवून द्यावी, हा मंडळाचा नित्यक्रम होता. आणि १८५९ साली पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे जबानी देताना आपण राणीच्या राज्यातील समस्त वेड्यांचे सरकारी वकील आहोत, असे जॉनने अभिमानाने सांगितले. पुढे मंडळ विरून गेले.

पण मंडळ ज्या अन्यायाविरुद्ध उभे होते, तो दीड शतकानंतरही संपला नव्हता. १९९७ मध्ये सरे परगण्यातील बोर्नवुड रुग्णालयात, बोलू न शकणाऱ्या एका स्वमग्न गृहस्थास कोणत्याही हुकुमावाचून अडकवून ठेवण्यात आले, आणि त्यास पोटच्या मुलासारखे सांभाळणाऱ्या दांपत्यास भेटीची मनाई झाली. २००४ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा ठरविली. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठी स्वतंत्र कैवारी नेमण्याची तरतूद केली, ती इंग्लंडात २००७ च्या एप्रिलपासून अमलात आली. गंभीर उपचार, रुग्णालयात २८ दिवसांहून किंवा शुश्रूषागृहात ८ आठवड्यांहून अधिक वास्तव्य, असे प्रसंग आले असता हा कैवारी रुग्णास एकांतात भेटतो, दफ्तर तपासतो, त्याच्या पूर्वीच्या आवडीनिवडींचा माग काढतो आणि निर्णयास हरकतही घेतो. निर्णय मात्र स्वतः करीत नाही.

परंतु सल्ल्यास योग्य आप्त वा स्नेही ज्यास नाही, त्याच्यासाठीच ही नेमणूक बंधनकारक आहे. पर्सिव्हलला डांबणारे तर त्याचे आप्तच होते! रुग्णाच्या छळाची वा हेळसांडीची चौकशी चालू असेल तर आप्त असूनही कैवारी देता येतो खरा. पण तो द्यावा की नाही, हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपविलेले आहे.