मराठी साहित्यातील कर्ण

मराठी साहित्यातील कर्ण हा महाभारतातील कर्ण या व्यक्तिरेखेच्या मराठी पुनर्कथनांचा, तसेच त्याची ओळख आणि त्याच्या वागण्यामागील हेतू यांविषयी मराठी वाचक व अभ्यासकांत चालत आलेल्या वादाचा विषय आहे. कुंतीचा ज्येष्ठ पुत्र असूनही सूतपुत्र म्हणून वाढलेला कर्ण हा अन्यायाचा बळी होता, की स्वतःच्या निर्णयांना जबाबदार असलेला पुरुष होता, हा या वादाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्यांनी कर्णाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. इरावती कर्वे, दाजी पणशीकर आदी लेखकांनी मूळ संहितेच्या आधारे त्याच्या वेगळ्या बाजू पुढे आणल्या. वादातील अनेक मतभेद वाचकांसमोर वेगवेगळे 'महाभारत' असल्यामुळे निर्माण झाले आहेत. संस्कृत संहिता, तिची प्रादेशिक हस्तलिखिते, मराठी पोथ्या, लोककथा आणि आधुनिक कादंबऱ्या यांतील कर्ण एकसारखा नाही.

## मूळ कथेतील लपलेली ओळख

महाभारतानुसार कुंतीने विवाहापूर्वी दुर्वास ऋषींनी दिलेल्या मंत्राने सूर्याचे आवाहन केले आणि तिला कवचकुंडलांसह पुत्र झाला. तिने तो पेटीत घालून नदीत सोडला. अधिरथ हा सूत आणि त्याची पत्नी राधा यांनी त्याला वाढवले. त्यामुळे कर्णाला 'राधेय' आणि 'सूतपुत्र' ही नावे मिळाली, तर जन्मामुळे तो 'कौंतेय' ठरतो. ही तिन्ही नावे मराठी साहित्यात वेगवेगळ्या भूमिकांची निदर्शक झाली आहेत.

कर्णाच्या जन्माचे रहस्य कोणाला आणि केव्हा ठाऊक होते, हा प्रश्न त्याच्या हेतूंच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो. संहितेतील क्रम पुढीलप्रमाणे आहे.

* आदिपर्वात रंगभूमीवरील शस्त्रप्रदर्शनाच्या वेळी कुंती कर्णाला ओळखते व मूर्च्छित होते, परंतु काही बोलत नाही.
* उद्योगपर्वात शिष्टाई निष्फळ ठरल्यावर कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो. हे आपल्याला ठाऊक आहे, असे उत्तर कर्ण देतो.
* त्यानंतर कुंती गंगातीरी कर्णाला भेटते. अर्जुनाखेरीज इतर चार पांडवांना मारणार नाही आणि तिचे पाच पुत्र कायम राहतील, असे वचन तो देतो.
* भीष्मपर्वाच्या शेवटी शरशय्येवरील भीष्म कर्णाला एकांतात सांगतात, की तो कुंतीपुत्र असल्याचे त्यांना नारद व व्यास यांच्याकडून कळले होते.
* युधिष्ठिराला ही गोष्ट युद्ध संपल्यावर, स्त्रीपर्वात मृतांना जलांजली देताना, कुंतीकडून कळते.

कर्ण स्वतःही एकदा खोटी ओळख धारण करतो. परशुरामांकडून ब्रह्मास्त्र मिळवण्यासाठी तो ब्राह्मण असल्याचे सांगतो. मांडीला कीटक चावत असताना तो निश्चल राहतो आणि त्या सहनशक्तीवरूनच तो ब्राह्मण नसल्याचे परशुराम ओळखतात. ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही, असा शाप त्याला मिळतो.

## मराठी पूर्वपरंपरा

मराठीत महाभारत प्रथम काव्यरूपाने आले. सतराव्या शतकातील मुक्तेश्वरांनी आदी, सभा, वन, विराट व सौप्तिक ही पाच पर्वे ओवीबद्ध केली. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' (१७१२) चौसष्ट अध्यायांचा असून गावोगावच्या पोथीवाचनामुळे तो सर्वदूर पोहोचला. अठराव्या शतकात मोरोपंतांनी 'आर्याभारत' रचले. शिक्षणाचा प्रसार होण्यापूर्वी बहुसंख्य मराठी भाषकांनी महाभारत संस्कृतातून वाचले नव्हते, ते पोथी, कीर्तन आणि लोकनाट्य यांतून ऐकले होते. 'दानशूर कर्ण' हा शब्दप्रयोग याच परंपरेने रूढ केला. मरणासन्न कर्णाने ब्राह्मणवेषातील कृष्णाला आपला सोन्याचा दात दान केल्याची लोकप्रिय कथाही अशीच मौखिक परंपरेतून पसरली. चिकित्सक आवृत्तीच्या स्वीकृत संहितेत ती आढळत नाही.

'जांभूळ आख्यान' हे लोककथन हेतूंच्या चर्चेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्यात पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ असल्याचे जांभळाच्या निमित्ताने उघड होते. संस्कृत महाभारतात हा प्रसंग नाही. शाहीर विठ्ठल उमप यांच्या सादरीकरणामुळे हे आख्यान नागर प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

## आधुनिक साहित्य

संस्कृतात भासाच्या नावावरील 'कर्णभार' या एकांकी नाटकात कर्णाचे सहानुभूतीपूर्ण चित्रण पूर्वीच झाले होते. आधुनिक मराठीत वि. वा. शिरवाडकर यांनी 'कौंतेय' (१९५३) हे नाटक लिहिले. दुर्गा भागवत यांच्या 'व्यासपर्व' (१९६२) या ललितलेखनाने महाभारतातील व्यक्तिरेखांकडे मानवी दृष्टीने पाहण्याची वाट रुंद केली.

'मृत्युंजय' ही कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या आत्मनिवेदनांतून उलगडते. एकाच घटनेकडे अनेक पात्रांच्या नजरेतून पाहण्याच्या या रचनेमुळे वाचक कर्णाच्या अंतरंगाशी जोडला जातो. कर्णाची पत्नी वृषाली आणि भाऊ शोण यांना कादंबरीने दिलेले स्थान संस्कृत महाभारतात नाही. अनेक वाचकांना मात्र ही पात्रे मूळ कथेतील वाटतात. या कादंबरीला भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार (१९९४) मिळाला. 'राधेय' या कादंबरीचे शीर्षकच कर्णाने स्वीकारलेल्या मातृत्वाकडे लक्ष वेधते.

## चिकित्सक आवृत्ती आणि वाद

पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. सी. सुखटणकर हे तिचे प्रमुख संपादक होते. त्यांच्या मृत्यूनंतर श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांनी ती धुरा सांभाळली आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झाले. भारतभरातील हस्तलिखिते ताडून संपादकांनी संहिता निश्चित केली आणि इतर पाठ तळटिपांत व परिशिष्टांत नोंदवले. ही आवृत्ती पूर्ण झाली त्याच्या पुढच्याच वर्षी 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. एकाच कथेकडे जाण्याचे दोन वेगळे मार्ग त्यामुळे वाचकांसमोर जवळजवळ एकाच वेळी आले.

मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या कर्वे यांनी चिकित्सक आवृत्ती आधारभूत मानली. त्यांनी कर्णाचे दुःख त्याच्या हरवलेल्या ओळखीशी जोडले, तथापि त्याला निष्कलंक नायक मानले नाही. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दाजी पणशीकर यांनी 'कर्ण खरा कोण होता?' या पुस्तकात कर्णाच्या उदात्तीकरणाविरुद्ध व्यासांच्या संहितेतील दाखले मांडले.

### वादाचे प्रमुख मुद्दे

द्रोणांचे शिष्यत्व. कर्ण सूतपुत्र असल्याने द्रोणांनी त्याला शिकवलेच नाही, असा समज रूढ आहे. आदिपर्वात मात्र द्रोणांकडे शिकण्यास आलेल्यांत राधेयाचा उल्लेख आहे. शांतिपर्वातील कथनानुसार द्रोणांनी त्याला नाकारले ते ब्रह्मास्त्र.

द्रौपदीचे स्वयंवर. 'सूताला वरणार नाही' असे सांगून द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा प्रसंग पुढील वैराचे मूळ म्हणून सांगितला जातो. चिकित्सक आवृत्तीने हा पाठ स्वीकृत संहितेत घेतलेला नाही, तो तळटिपेत आहे. हा प्रसंग प्रक्षिप्त मानल्यास द्यूतसभेतील कर्णाच्या वर्तनाचे 'अपमानाचा सूड' हे स्पष्टीकरण दुर्बळ होते.

द्यूतसभा. सभापर्वात कर्ण द्रौपदीला उद्देशून हीन शब्द वापरतो आणि पांडवांची व तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगतो. त्याच सभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलतो, त्यामुळे विरोध करणे अशक्य नव्हते असा आक्षेप टीकाकार घेतात. कर्णाचे समर्थक उद्योगपर्वाकडे बोट दाखवतात. दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना कटू बोललो याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे कर्ण तेथे कृष्णाला सांगतो.

दुर्योधनाशी निष्ठा. राज्य आणि ज्येष्ठत्व समोर असताना कर्ण पक्ष का बदलत नाही? संहितेत तो स्वतः कारणे देतो. अधिरथ व राधा यांचे प्रेम आणि दुर्योधनाचा आधार त्याला सोडवत नाही. युधिष्ठिराला सत्य कळले तर तो राज्य घेणार नाही आणि ते आपल्या हाती आल्यास आपण दुर्योधनाला देऊ, म्हणून हे गुप्त ठेवावे, अशी विनंती तो कृष्णाला करतो. काहींच्या मते हे कृतज्ञतेचे शिखर आहे. इतरांच्या मते एका शब्दाने युद्ध टळू शकत असता व्यक्तिगत निष्ठेला त्याने लोकसंहारापेक्षा वरचे स्थान दिले.

कवचकुंडलांचे दान. इंद्र ब्राह्मणवेषात येणार असल्याची सूचना सूर्य आधीच देतो आणि त्याच्या सांगण्यानुसार कर्ण बदल्यात अमोघ शक्ती मागून घेतो. हे निर्मळ दान की विनिमय, असा प्रश्न त्यावरून विचारला जातो. आपल्या संरक्षणाची खात्री देणारी वस्तू तो जाणूनबुजून देतो, याकडे दुसरा पक्ष लक्ष वेधतो.

कुंतीचे मौन. कुंती रंगभूमीवर गप्प राहते आणि युद्धाच्या तोंडावर बोलते. कुमारी मातेची सामाजिक असहायता आणि पांडवांच्या रक्षणाचा हिशेब ही तिच्या वर्तनाची दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे दिली जातात. संहितेत दोन्हींना आधार सापडतो.

'सूत' या शब्दाचा अर्थ. आधुनिक वाचनात सूतपुत्र हा जातीय अवहेलनेचे प्रतीक मानला जातो. रंगभूमीवर कुळ विचारले जाणे आणि भीमाने चाबूक हाती घेण्यास सांगणे यांत ती अवहेलना स्पष्ट आहे. दुसरीकडे, सूत म्हणून उल्लेखलेला कीचक विराटाचा सेनापती आहे आणि संजय हा धृतराष्ट्राचा विश्वासू आहे. म्हणून कर्णाच्या स्थितीची तुलना एकलव्य किंवा रामायणातील शंबूक यांच्याशी सरसकट करता येत नाही, असे मत मांडले जाते. दलित साहित्यात एकलव्य व शंबूक ही प्रतीके ठळकपणे येतात.

## विदुर–युधिष्ठिर तर्क

लपलेल्या ओळखीविषयीचा दुसरा गाजलेला तर्क कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये मांडला. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, अशी शक्यता त्यांनी तपासली. विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापाने जन्मलेला यमधर्म मानला जातो आणि युधिष्ठिर धर्माचा पुत्र आहे. विदुर पंडूचा धाकटा भाऊ असल्याने नियोगाच्या प्रथेत बसतो. आश्रमवासिकपर्वात मृत्यूसमयी तो योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. संहिता हे पितृत्व उघडपणे सांगत नाही. त्यामुळे हा तर्क सिद्ध निष्कर्ष मानला जात नाही, परंतु विखुरलेले संकेत जोडून वाचण्याचा नमुना म्हणून तो वारंवार उद्धृत होतो.

## मराठवाडा व बीड जिल्हा

मराठवाड्यातील चर्चेत समीक्षक नरहर कुरुंदकर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. नांदेड येथे अध्यापन करणाऱ्या कुरुंदकरांचे महाभारतविषयक लेखन 'व्यासांचे शिल्प' या पुस्तकात आहे.

बीड शहराच्या स्थानिक आख्यायिकेनुसार पांडवकाळात त्याचे नाव दुर्गावती होते. पुढे ते बलनी आणि नंतर विक्रमादित्याची बहीण चंपावती हिच्या नावावरून चंपावतीनगर झाले, असे सांगितले जाते. कर्णाच्या अंगदेशाची राजधानी चंपा ही मात्र बिहारमधील आजच्या भागलपूरजवळ मानली जाते. नावातील साम्यापलीकडे या दोन नगरांचा संबंध महाभारतात आढळत नाही.

संहितेच्या आधारे ओळख ठरवण्याचा प्रश्न बीड जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासातही आहे. अंबाजोगाई येथे 'विवेकसिंधु'चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी दाखवली जाते. विदर्भातील आंभोरा हेही त्यांचे स्थान असल्याचा दावा आहे आणि ग्रंथाच्या शके १११० या कालनिर्देशावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणत्या प्रतीतील कोणती ओवी मूळची मानायची, या प्रश्नावर तेथेही बरेच काही अवलंबून आहे.

## प्रभाव

दूरदर्शनवरील 'महाभारत' मालिकेनंतर (१९८८–१९९०) कर्णाची प्रतिमा अधिक व्यापक झाली. आजच्या वाचकाच्या मनातील कर्ण बहुधा पोथी, कादंबरी आणि पडदा यांच्या मिश्रणातून घडलेला असतो. कादंबरीकाराला मूळ कथेत भर घालण्याचे स्वातंत्र्य असते. तथापि कादंबरीतील प्रसंग व्यासांच्या कर्णाविषयीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा भेद या वादातून मराठी वाचनसंस्कृतीत स्पष्ट होत गेला. जन्माने लादलेला अन्याय पुढील कृत्यांचे समर्थन ठरतो का, या प्रश्नावर मात्र संहिता निश्चित झाल्यानंतरही एकमत झालेले नाही.

## हे सुद्धा पहा

* कर्ण
* मृत्युंजय (कादंबरी)
* युगान्त
* पांडवप्रताप
* भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर
* अंबाजोगाई