मुलाखतीनंतरचा नकार: पाठपुरावा आणि पुढील वाटचाल

नोकरीच्या मुलाखतीनंतर अंतिम यादीत नाव नसणे हा उमेदवारासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी मोठा आघात असतो. लेखी परीक्षेचे टप्पे ओलांडून मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या उमेदवाराला हा नकार अधिकच लागतो, कारण यश अगदी जवळ आलेले असते. तथापि, मुलाखतीत निवड न होणे आणि अपात्र ठरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. हा फरक समजून घेतल्यास निराशेतून सावरणे सोपे होते, तसेच पाठपुरावा कोठे करावा आणि कोठे थांबावे, हेही ठरवता येते.

जागांचे गणित

संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा हे याचे ठळक उदाहरण आहे. नियमानुसार रिक्त जागांच्या सुमारे दुप्पट उमेदवारांना मुलाखतीसाठी, म्हणजेच व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी बोलावले जाते. त्यामुळे सर्वांची कामगिरी उत्तम झाली, तरी निम्म्या उमेदवारांना रिकाम्या हाताने परतावे लागणार, हे आधीच ठरलेले असते. २०२४ च्या परीक्षेसाठी ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले होते. त्यापैकी २ हजार ८४५ उमेदवार व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी पात्र ठरले आणि एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निकालात १ हजार ९ जणांची शिफारस करण्यात आली. उर्वरित १ हजार ८३६ उमेदवार शेवटच्या टप्प्यावरून परतले.

विशेष म्हणजे, २७५ गुणांच्या या चाचणीसाठी किमान उत्तीर्णतेचे गुण ठेवलेले नाहीत. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांत चाचणीचे गुण मिळवून २०२५ गुणांच्या आधारे गुणवत्ताक्रम लावला जातो. त्यामुळे उमेदवार 'मुलाखतीत नापास झाला' असे म्हणणे नियमांच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. त्याचा क्रम उपलब्ध जागांच्या खाली गेला, इतकाच त्याचा अर्थ होतो.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना हाच अनुभव आला होता. हवाई दलात वैमानिक होण्याची त्यांची इच्छा होती. १९५८ मध्ये डेहराडून येथील निवड मंडळासमोर ते गेले. २५ उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला आणि जागा आठ होत्या. त्याच सुमारास त्यांनी दिल्ली येथे संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयात मुलाखत दिली होती. तेथे त्यांची निवड झाली आणि वैज्ञानिक म्हणून त्यांच्या सेवेला प्रारंभ झाला. डेहराडूनच्या नकाराचे दुःख त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लपवलेले नाही. मात्र एका मुलाखतीवर सर्व भिस्त न ठेवल्याने त्यांच्यासमोर दुसरा मार्ग मोकळा राहिला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पहिले काही दिवस

नकारामुळे होणारी वेदना हा मनाचा दुबळेपणा नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, समूहातून वगळले गेल्यावर मेंदूचा जो भाग सक्रिय होतो तो शारीरिक वेदनेशीही निगडित असल्याचे आढळले होते. त्यामुळे निकालाच्या दिवशीच पुढील निर्णय घेण्याची घाई करू नये. नातेवाइकांच्या चौकशीला 'यावेळी निवड झाली नाही, पुढचे ठरले की कळवतो' एवढे उत्तर पुरेसे असते. घरातील मंडळींनीही तुलना आणि उपदेश काही दिवस टाळावा.

मनातील भावना कागदावर उतरवणे हा एक साधा उपाय आहे. नोकरी गमावलेल्या ६३ व्यावसायिकांचा एक अभ्यास १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. या प्रसंगाविषयीचे विचार आणि भावना सलग काही दिवस लिहून काढणाऱ्यांना इतरांच्या तुलनेत लवकर नवी नोकरी मिळाल्याचे त्यात दिसून आले. त्यांनी इतरांपेक्षा अधिक अर्ज केले होते, असे मात्र नव्हते. उमेदवाराने अशा लेखनाबरोबरच मुलाखतीत विचारलेले प्रश्न आणि आपण दिलेली उत्तरेही शक्य तितक्या लवकर नोंदवून ठेवावीत. पुढील तयारीसाठी याहून विश्वासार्ह साधन नाही.

झोप, भूक किंवा जगण्याची इच्छा यांवर परिणाम होत असल्यास मदत घेण्यास विलंब करू नये. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास समुपदेशन मिळते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

शासकीय भरतीतील पाठपुरावा

शासकीय भरतीत पाठपुराव्याची पहिली पायरी म्हणजे गुणांची माहिती घेणे. संघ लोकसेवा आयोग नागरी सेवा परीक्षेच्या अंतिम निकालानंतर साधारण १५ दिवसांत उमेदवारांचे गुण संकेतस्थळावर उपलब्ध करून देतो. लेखी परीक्षा आणि व्यक्तिमत्त्व चाचणी यांचे गुण त्यात स्वतंत्रपणे दिलेले असतात. कमतरता नेमकी कोठे राहिली, हे त्यावरून कळते. अनेकदा मुलाखतीला दोष दिला जातो, प्रत्यक्षात गुण लेखी परीक्षेत कमी पडलेले असतात.

गुण जाहीर न करणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न मिळाल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करता येते. मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे मात्र मागता येत नाहीत. बिहार लोकसेवा आयोगाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसा निर्वाळा दिला आहे.

न्यायालयीन मार्गालाही मर्यादा आहेत. निवड यादीत नाव असले, तरी त्यामुळे नियुक्तीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही, असे घटनापीठाने शंकरसन दाश प्रकरणात १९९१ मध्ये स्पष्ट केले. मात्र जागा रिक्त ठेवताना शासनाला मनमानी करता येणार नाही, असेही त्या निकालात नमूद आहे. निवड पद्धत मान्य करून मुलाखत देणाऱ्या उमेदवाराला, केवळ निकाल प्रतिकूल लागला म्हणून त्या पद्धतीला आव्हान देता येत नाही, असे न्यायालयाने मदनलाल प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे जाहिरातीतील किंवा प्रक्रियेतील आक्षेप वेळीच, लेखी स्वरूपात नोंदवणे आवश्यक ठरते.

काही वेळा यादी जाहीर झाल्यानंतरही संधी शिल्लक असते. नागरी सेवा परीक्षेत राखीव यादी ठेवली जाते आणि उरलेल्या जागांसाठी तिच्यातून शिफारस होते. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत ही यादी गोपनीय असल्याने तिच्याविषयी वारंवार विचारणा करून उपयोग नसतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या भरतीत, पद नको असलेल्या उमेदवाराला भरती प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प देता येतो. त्यामुळे गुणवत्ता यादीतील पुढील उमेदवाराला संधी मिळू शकते. संकेतस्थळावरील सूचना नियमितपणे पाहणे आणि नोंदणीकृत दूरध्वनी क्रमांक सुरू ठेवणे, हाच या काळातील खरा पाठपुरावा होय.

'आतून काम करून देतो' असे सांगणाऱ्यांपासून या काळात विशेष सावध राहावे. केंद्र सरकारने गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या आहेत. अशा पदांच्या मुलाखतीसाठी कोणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजावी.

खासगी क्षेत्रातील शिष्टाचार

खासगी आस्थापनांना माहितीच्या अधिकाराचे बंधन लागू नाही. तेथे पाठपुरावा हा प्रामुख्याने शिष्टाचाराचा भाग असतो. मुलाखत संपताना निर्णय केव्हा अपेक्षित आहे, हे नम्रपणे विचारून घ्यावे. दुसऱ्या दिवशी आभाराचे चार-पाच ओळींचे ई-मेल पाठवावे आणि त्यात चर्चेतील एखाद्या मुद्द्याचा उल्लेख करावा. सांगितलेली तारीख उलटल्यानंतर काही कामकाजाचे दिवस थांबून एक स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर न आल्यास पुन्हा पुन्हा दूरध्वनी न करता अन्य ठिकाणी अर्ज करणे श्रेयस्कर.

नकार कळल्यावरही उत्तर द्यावे. 'आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. माझ्या तयारीत कोणती उणीव जाणवली हे कळवल्यास उपयोग होईल. भविष्यात योग्य जागा निघाल्यास माझा विचार व्हावा, ही विनंती' एवढा मजकूर पुरेसा असतो. निवड झालेली व्यक्ती रुजू न झाल्यास पुढील नाव पाहिले जाते, आणि अशा वेळी सौजन्याने वागलेला उमेदवार लक्षात राहतो. समाजमाध्यमांवर राग व्यक्त केल्यास ही शक्यता संपुष्टात येते.

पुढील वाटचाल

मुलाखतीपर्यंत पोहोचवणारी तयारी अन्यत्रही उपयोगी पडते. संघ लोकसेवा आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या योजनेचे आता 'प्रतिभा सेतू' असे नामकरण झाले आहे. अंतिम टप्प्यापर्यंत जाऊनही शिफारस न झालेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, या व्यासपीठावर सार्वजनिक तसेच खासगी नियोक्त्यांना उपलब्ध करून दिली जाते. पंतप्रधानांनी ३१ ऑगस्ट २०२५ रोजीच्या 'मन की बात' कार्यक्रमात या उपक्रमाचा उल्लेख केला होता. अर्ज भरताना संमतीचा रकाना काळजीपूर्वक वाचणे त्यामुळे महत्त्वाचे आहे. याखेरीज, २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावरही विनामूल्य नोंदणी करता येते.

पुन्हा परीक्षा द्यावी की नाही, हा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये. नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षे वय आणि सहा संधी, इतर मागासवर्गासाठी ३५ वर्षे आणि नऊ संधी, अशी मर्यादा आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वयोमर्यादा ३७ वर्षे असून संधींची संख्या मर्यादित नाही. शिल्लक संधी, घरची आर्थिक स्थिती आणि गुणपत्रकातील उणिवा यांचा एकत्रित विचार करून, किती काळ प्रयत्न करायचा हे आधीच ठरवावे. त्या काळात दुसरी एखादी नोकरी किंवा अभ्यासक्रम हाती असल्यास पुढील मुलाखतीचे दडपणही कमी होते. मुलाखत मंडळ अर्ध्या तासाच्या भेटीवरून एका पदासाठी निर्णय देते. संपूर्ण आयुष्याविषयीचा निर्णय उमेदवाराच्याच हाती राहतो.