सहाच्या आकड्यावरचे १२०

हजार-दोन हजार रुपयांच्या घड्याळांच्या ट्रेमध्ये एक जात लगेच ओळखू येते. काळी डायल, लाल काटा, आत दोन-तीन छोटी वर्तुळं, चावीच्या वर-खाली एकेक बटण आणि पट्ट्याला ओळीनं भोकं. दुकानदार त्याला ‘स्पोर्ट्स’ म्हणतो. घेणाऱ्याला मात्र त्यात मोटारीचा डॅशबोर्ड दिसतो. काचेभोवतीच्या कडीवर ४००, ३००, २४० असे उतरत जाणारे आकडे असतात. हे घड्याळ घालणाऱ्या अनेकांच्या दारात चारचाकी नसते. ज्यांच्या दारात असते, त्यांतलेही फार थोडे त्या आकड्यांचा कधी उपयोग करतात. तरी आकडे कडीवर आहेतच, आणि त्यांच्या मागे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. ती इंग्लंडातल्या झुडपांमागे सुरू होते आणि फिरत फिरत जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर येऊन पोचते.

आधी आकड्यांचं कोडं सोडवू. या पट्टीला टॅकिमीटर म्हणतात. गणित शाळेतलंच आहे: तासाचे सेकंद ३६००, त्यांना एक किलोमीटर कापायला लागलेल्या सेकंदांनी भागायचं, की ताशी वेग मिळतो. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड दिसला की वरचं बटण दाबायचं, पुढचा दगड आला की पुन्हा दाबायचं. ६० सेकंद लागले असतील तर काटा ६० वर, ४५ लागले तर ८० वर, ३० लागले तर १२० वर. भागाकार कुणीतरी आधीच करून कडीवर छापून ठेवला आहे. प्रोग्रामिंगच्या भाषेत हे ‘लुकअप टेबल’ झालं. उत्तरं आधीच काढून ठेवलेली, आपण फक्त बघायचं.

घड्याळानं मोटारीचा वेग मोजायची सुरुवात हौसेच्या आधी दंडासाठी झाली, असं म्हटलं तरी चालेल. १९०३च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस रस्त्याचा ठरावीक तुकडा मोजून घेत, झुडपाआड स्टॉपवॉच घेऊन बसत आणि आलेल्या गाडीला अडवत. या सापळ्यांची आधीच खबर मिळावी म्हणून मोटारवाल्यांनी १९०५मध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ नावाची संघटना काढली. पुढे कुठे पोलीस उभे आहेत हे ट्रकवाले आजही समोरच्याला लाइट मारून सांगतात. त्या पद्धतीचा हा जुना अवतार.

घड्याळ मनगटावर येण्याआधी गाडीतच बसलं होतं. स्वित्झर्लंडच्या होयर कंपनीनं १९११मध्ये ‘टाइम ऑफ ट्रिप’ नावाचं डॅशबोर्डवरचं घड्याळ काढलं. निघाल्यापासून किती वेळ झाला, हे ते दाखवायचं. १९३३मध्ये त्याच कंपनीनं ‘ऑटाविया’ हे डॅशबोर्डचं स्टॉपवॉच आणलं. ऑटोमोबाइल आणि एव्हिएशन या दोन शब्दांची अक्षरं जोडून हे नाव बनवलं होतं. पुढे हेच मोजमाप मनगटी क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात, प्रसिद्ध झालं. १९६३मध्ये होयरनं ‘कॅरेरा’ काढलं. मेक्सिकोत १९५० ते १९५४ अशी पाच वर्षं साध्या रस्त्यांवरून झालेली ‘कॅरेरा पानामेरिकाना’ ही शर्यत फार जीवघेणी ठरली होती, तिच्यावरून हे नाव. त्याच वर्षी रोलेक्सचं पुढे ‘डेटोना’ म्हणून गाजलेलं घड्याळ आलं. हे नाव फ्लोरिडातल्या शर्यतीच्या मैदानाचं.

म्हणजे तिकडे घड्याळ हे मोटारीचं अवजार होतं. आधी गाडी, मग तिचा वेग मोजायला घड्याळ. आपल्याकडे क्रम नेमका उलटा.

१९६१मध्ये बंगळुरात एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं सुरू झाला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही त्यांची घड्याळं घरोघरी गेली. यांना रोज चावी द्यावी लागे. त्यांवर वेगाची पट्टी नव्हती आणि स्टॉपवॉचचं बटणही नव्हतं. पट्टी असती तरी मोजायचं काय? मुंबईत कुर्ल्याला ‘प्रीमियर’च्या फियाट बनत होत्या, पण नंबर लावला की गाडी हाती यायला वर्षं जात. सामान्य माणसाच्या आयुष्यात मोटार नव्हतीच. घड्याळ मात्र होतं, आणि ते बहुधा लग्नात मिळालेलं असे.

१९६१ या सालाला आणखी एक अर्थ आहे. हुंडाबंदीचा कायदा याच वर्षीचा. कायदा आला आणि त्याच सुमारास देशी घड्याळही आलं. पुढची कित्येक वर्षं लग्नाच्या बैठकीत ‘घड्याळ, सायकल, रेडिओ’ ही यादी एका दमात म्हटली जात राहिली. नंतर सायकलच्या जागी स्कूटर आली, मग मोटारसायकल, आणि काही घरांत चारचाकी. आपल्याकडे घड्याळ आणि गाडी यांचं पहिलं नातं शर्यतीच्या मैदानावर जुळलं नाही. ते मुलीच्या बापाच्या हिशेबाच्या वहीत जुळलं. एकाच यादीतली ही पहिली आणि शेवटची पायरी. म्हणून आज पंचविशीतला एखादा मुलगा पहिल्या पगारातून स्वतःच्या पैशानं ‘गाडीवालं’ घड्याळ घेतो, तेव्हा त्याला नुसता दिखावा म्हणून मोडीत काढू नये. यादीतली पहिली वस्तू सासऱ्याकडून न घेता त्यानं स्वतः मिळवलेली असते.

हे घड्याळ त्याच्या खिशाला परवडलं ते क्वार्ट्झमुळे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोनं टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळी जपानमध्ये एक टोयोटा कोरोला घरी आली असती. त्यातला स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावायचा. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात हा आकडा ३२,७६८ असतो, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा अर्धा केला की बरोबर एक सेकंद उरतो. हा अर्धा करण्याचा उद्योग एक इवलीशी चिप करते. चिप स्वस्त होत गेली तसं घड्याळही स्वस्त झालं. १९८३मध्ये सेइकोनं काट्यांचा क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आणला. एकेकाळी गाडीच्या किमतीचं असलेलं यंत्र पुढे गाडीच्या एका टायरपेक्षाही कमी पैशांत मिळू लागलं.

आपल्याकडे टायटननं १९८७पासून क्वार्ट्झवर भर दिला आणि एचएमटीची सद्दी हळूहळू संपत गेली. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६च्या जानेवारीत घेतला. दरम्यान टायटनची ‘फास्ट्रॅक’ आणि ‘ऑक्टेन’ आली, कॅसिओची ‘एडिफिस’ आली. नावांकडेच बघा: एक वेगाचं, एक पेट्रोलचं. एडिफिसनं तर फॉर्म्युला वनच्या रेड बुल संघाशीच जोडून घेतलं.

याच काळात मराठवाड्यात गाड्या नुसत्या आल्या नाहीत, इथे बनूही लागल्या. १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. २००१मध्ये जालना रस्त्यावरच्या शेंद्र्यात स्कोडाच्या ऑक्टाविया जोडल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी मिळून एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. तरीही पंचक्रोशीतल्या बहुतेकांसाठी गाडी ही बनवायची, धुवायची, चालवायची, पण दुसऱ्याच्या मालकीची वस्तू राहिली. मनगटावरचा डॅशबोर्ड तेवढा स्वतःचा.

मग ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. जालना त्याच टप्प्यात येतं. ५ जून २०२५ला शेवटचा टप्पा उघडला आणि मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला कमाल वेग ताशी १२०. आता घड्याळाच्या कडीकडे पुन्हा बघा. १२० हा आकडा बरोबर सहाच्या जागी, तळाशी असतो. किलोमीटरच्या एका खुणेपासून दुसरीपर्यंत काटा सहाच्या अलीकडेच थांबला, तर आपण मर्यादा ओलांडली. सहाच्या पलीकडे गेला, तर ठीक. शर्यतीसाठी बनवलेली ही पट्टी या रस्त्यावर थेट कायद्याची रेघ दाखवते. मात्र बटण दाबायचं काम शेजारी बसलेल्यानं करायचं, चालवणाऱ्यानं नव्हे.

घड्याळ स्वस्तातलं असेल तर घेताना एकदा वरचं बटण दाबून बघा. काही ठिकाणी बटणं आणि छोटी वर्तुळं नुसती शोभेची असतात. काटा पळाला, तर तुमच्या हातात खरं अवजार आहे. लाखो रुपयांच्या घड्याळावरची पट्टी आणि ही पट्टी, दोन्हींचं गणित एकच.

आणि ही पट्टी एक गोष्ट सांगते, जी स्पीडोमीटर सांगत नाही: सरासरी. स्पीडोमीटर त्या क्षणाचा वेग दाखवतो, म्हणून तो चढवत न्यायचा मोह होतो. सरासरी हा मोह उतरवते. मुंबई-नागपूर आठ तासांत जायचं, तर सरासरी वेग ताशी ८८च्या आतबाहेर पुरतो. साठ किलोमीटर १२०नं गेलं तर ३० मिनिटं लागतात, १४०नं गेलं तर पावणेसव्वीसच्या आसपास. वाचली चार-सव्वाचार मिनिटं. तेवढ्यात हॉटेलात चहासुद्धा येत नाही.

या मिनिटांचं मोल किती, हे या भागाला सांगावं लागत नाही. १ जुलै २०२३च्या पहाटे जालना जिल्ह्याला लागून असलेल्या सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर एका खासगी बसला अपघात झाला, आग लागली आणि २५ जण गेले. त्यानंतर इथल्या घरांत रात्री कुणी निघालं, की ‘पोचल्यावर फोन कर’ या वाक्याचा सूर बदलला.

२०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक डेटोना पावणेदोन कोटी डॉलरला विकलं गेलं. ते नट आणि शर्यतपटू पॉल न्यूमनचं होतं. गाडीवाल्या घड्याळांच्या दुनियेतलं हे सर्वांत गाजलेलं घड्याळ. त्याला ते बायकोनं, जोन वुडवर्डनं दिलं होतं. घड्याळाच्या पाठीवर, मनगटाला टेकणाऱ्या बाजूला, तिनं तीन शब्द कोरून घेतले होते. त्यांचा मराठीत अर्थ एवढाच: जपून चालव, मी.