मीटबॉल आणि स्थलांतरितांचा रविवार

अमेरिका खंडातील टोमॅटो सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला. नेपल्समध्ये १६९२-९४ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या अंतोनिओ लातिनीच्या पाकग्रंथात टोमॅटो सॉसची कृती आढळते.

दक्षिण इटलीतील गरीब शेतकऱ्याच्या ताटात मात्र मांस सणासुदीलाच येई. थोडा खिमा सर्वांना पुरावा म्हणून त्यात शिळा पाव मिसळून गोळे वळले जात.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतील बहुसंख्य दक्षिणेचे. तेथे मजुरीच्या मानाने मांस स्वस्त होते. गोळ्यांतील पाव घटला, आकार वाढला आणि दर रविवारी ते टोमॅटो सॉसमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजू लागले.

आज ‘अस्सल इटालियन’ म्हणून मिरवणारा हा पदार्थ भुकेतून बाहेर पडलेल्या मजुरांनी परदेशात घडवला आहे.